पाठीवरचा आकडा

दाताच्या डॉक्टरकडे बाहेरच्या खोलीत एमरी फझेकस आपल्या पाळीची वाट बघत बसला होता, तेव्हा खिशातला फोन थरथरला. नंबर अनोळखी. एक फोटो आला होता. कपडे धुण्याच्या मशीनवर कुणीतरी मोटारीच्या तोंडाची जाळी आडवी ठेवली होती. सोळा उभ्या पट्ट्या, कडेनं मुलामा उडून पितळ उघडं पडलेलं, आणि वरच्या काठाला मधोमध अगदी हलका उंचवटा, माहीत असेल त्यालाच दिसेल असा. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘अजून हवी आहे का?’ एमरीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. उंचवटा होता तिथंच होता. आजवर तो त्यानं दोन धुरकट छायाचित्रांत पाहिला होता, आणि रोज सकाळी गॅरेजचं दार उघडलं की जिथं तो असायला हवा ती रिकामी जागा पाहिली होती. आतून बाईनं त्याचं नाव पुकारलं. एमरी उठला, तिच्याकडे बघून मान डोलावली, कोट उचलला आणि जिना उतरून सरळ रस्त्यावर आला. सकाळपासून ठणकणारी दाढ ठणकतेय की राहिली, हे त्याला संध्याकाळपर्यंत आठवलंसुद्धा नाही.

टॅलवूड नावाच्या गाड्या साऱ्या जगात मिळून दोनशे एकतीस झाल्या. इंग्लंडात विटांच्या एका शेडमध्ये अकरा माणसांनी त्या हातानं ठोकून केल्या, चारेक वर्षं, आणि मग शेडला कुलूप लागलं. बहुतेक गाड्या बोटीत बसून अमेरिकेत आल्या. इथल्या हौशी तरुणांनी त्या उडवल्या, आपटल्या, लग्न ठरलं की विकून टाकल्या. त्यातल्या दोनशे दहा ते दोनशे पंधरा या सहा गाड्यांचं नाक लांब होतं आणि तोंड रुंद. एमरीकडे होती ती दोनशे तेरा. सव्वीस वर्षांपूर्वी त्यानं ती घेतली तेव्हा तिच्या तोंडात जाळी नव्हती, नुसतं बोळकं होतं, आणि ते बोळकं तसंच राहिलं. इंजिन झालं, रंग झाला, कातडी बैठका झाल्या. पण समोरून पाहिलं की गाडी कवळी विसरून लग्नाला आलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायची. लोक म्हणायचे, अरे नवी करून घे, आजकाल काय वाटेल ते करून मिळतं. पण करणार कशावरून? मापाला तरी एक जाळी नको? शिवाय ती नाकं हातानं ठोकलेली, दोन नाकं सारखी नाहीत. मुलामा द्यायला सगळ्या गाड्यांचे भाग एकदमच जायचे, आणि परत आल्यावर कुठला कुणाचा हा घोळ नको म्हणून शेडमधली माणसं प्रत्येक भागाच्या पाठीवर गाडीचा आकडा ठोकून ठेवायची. त्यामुळे टॅलवूडवाल्यांत कुणी काही मिळालं म्हणून सांगायला लागला, की पुढचा माणूस अभिनंदन वगैरे नंतर करतो, आधी विचारतो, ‘पाठ बघितलीस?’ आकड्याची गाडी जिवंत असेल तर तो भाग आधी तिचा. ती मेलेली असेल तर ज्याच्या हाती लागला त्याचा. आणि कुठली जिवंत, कुठली मेली, हे क्लबच्या नोंदवहीत असायचं. ती नोंदवही तीस वर्षं एमरीकडे होती. नोकरीही त्याची तसलीच, शहराच्या पाणीखात्यात, कुठल्या रस्त्याखाली कुठला नळ गेलाय त्याचे नकाशे सांभाळायची. कागदावर एकदा आलं की ते काळ्या दगडावरची रेघ.

‘काढली दाढ?’ घरी आल्यावर लोरेटानं विचारलं. ती कोबीच्या पानांत भात-खिमा भरत बसली होती.

‘नाही. जाळी मिळाली.’

‘मग ती बसवणार तोंडात?’ एमरी हसला नाही तेव्हा तिनं हात पुसले आणि फोटो पाहिला. ‘हीच का ती? मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल.’

‘शनिवारी जातोय. हार्लन टीटर म्हणून आहे कुणी. मरिएटाच्या पलीकडे, नदीकाठी. क्लबच्या पत्रिकेतली माझी जाहिरात त्यानं कुठंतरी पाहिली.’

‘बरा आहे ना माणूस? मागच्या वेळी त्या बाईनं तुला तीन तास मांजरांचे फोटो दाखवले होते.’

‘तिच्याकडे दिवा होता.’

‘होता की! भलत्याच गाडीचा.’

शनिवारी उजाडताच तो निघाला. शहर मागे पडलं, सपाट शेतं संपली, रस्ता टेकड्यांत शिरला, आणि एमरीच्या डोक्यात एकच नाव घोळायला लागलं. टीटर. टीटर. कुठंतरी वाचलंय. जीभ सारखी दुखऱ्या दाढेकडे जावी तसं मन त्या नावाकडे जात होतं आणि परत येत होतं. तो ते बाजूला सारून जाळीचा विचार करू लागला. इतकी वर्षं ती कुठं असेल? खरं सांगायचं तर त्याला गाड्यांपेक्षा याचंच कुतूहल जास्त. इंडियानातल्या एका शेतकऱ्यानं टॅलवूडचं बॉनेट डुकरांच्या खाद्यावर झाकण म्हणून वापरलं होतं, एकोणीस वर्षं. विकताना त्याला वाईट वाटलं, म्हणाला, इतकं चपखल झाकण परत मिळायचं नाही. सिनसिनाटीतल्या एका म्हातारीनं वेगमापकाच्या चौकटीत नवऱ्याचा फोटो बसवला होता आणि काटा तेवढा ठेवला होता, नवऱ्याच्या गळ्याशी चाळीसवर टेकलेला. अशा ठिकाणी एमरी तासन्‌तास बसायचा. वस्तू इथं आली कशी, कुणी काढली, कुणी कशाच्या बदल्यात दिली, मधली सात वर्षं कुठं होती, हे विचारताना त्याला आपलं वय जाणवायचं नाही. लोरेटा म्हणायची, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. पोलिसात! पोलिसांना शेवट हवा असतो. एमरीला मधलंच आवडायचं. पण आज ते कुतूहल नेहमीसारखं मोकळं नव्हतं. त्याच्या बुडाशी काहीतरी खुपत होतं, बुटात खडा गेल्यासारखं, आणि थांबून बूट काढावा असंही वाटत नव्हतं. टीटर.

हार्लन टीटर ऐंशी उलटलेला, ताडमाड, पँटला खांद्यांवरून गॅलिस लावलेला माणूस होता. तीस वर्षं त्यानं जिल्ह्याच्या शाळांच्या बस दुरुस्त केल्या होत्या आणि हाताच्या रेघांत ते वंगण अजून होतं. ‘तू एमरी? फोनवर तरणा वाटला होतास,’ असं म्हणून त्यानं दार उघडलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर जाळी ठेवली होती. ‘बघ सावकाश. मी कॉफी टाकतो. किती वर्षं शोधतोयस म्हणालास?’

‘सव्वीस.’

‘बापरे. बायको आहे का अजून?’

‘आहे.’

‘मग देवमाणूस आहे ती.’

एमरीनं जाळीला आधी नुसता हात लावला. गार होती. उंचवट्यावरून बोट फिरवलं. कुणीतरी हातोडीचे दहा-बारा हलके ठोके मारून तो आणला होता, आणि त्यातला एक ठोका चुकून जास्त बसला होता. बोटाला तो कळत होता. कोण असेल? पोटात दुखत असेल त्याच्या त्या दिवशी, की कुणी हाक मारली असेल? मग त्यानं जाळी उलटी केली. पाठीवर जुन्या वंगणाचा चिखल वाळून घट्ट बसला होता. त्यानं अंगठ्यानं तो घासला. दोन. एक. चार.

त्याला आनंद झाला. हे सांगायलाच हवं, पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. दोनशे चौदा मेलेली होती, एकसष्ट साली शर्यतीत जळून खाक झालेली, नोंदवहीत त्याच्याच अक्षरात तसं होतं. मेलेल्या गाडीचा भाग ज्याच्या हाती लागला त्याचा. कडेला थोडं कापून, घासून दोनशे तेराला बसवता येईल. आणि त्याच क्षणी बुटातला खडा एकदम टोचला. टीटर. दोनशे चौदा. चार पानी पत्र, निळ्या शाईचं, आत फोटो. कॉफीचे कप घेऊन हार्लन वळला, तेव्हा एमरीनं जाळी पटकन सुलटी केली. का केली?

‘कुठं मिळाली तुम्हाला?’ त्यानं विचारलं. आवाज बरा निघाला.

‘मिळाली कसली! गाडीवरनंच काढली, गेल्या मंगळवारी. मागे शेडमध्ये आहे ती. सोमवारी भंगारवाला नेणार. मुलगी म्हणते, जागा विकू, माझ्याकडे राहायला या. शेडचं छप्परही खचलंय.’ हार्लननं कॉफीवर फुंकर घातली. ‘तुझा जीव खालीवर होऊ देऊ नकोस, ती खरी टॅलवूड नाहीये. दोन-तीन गाड्यांची गोधडी आहे. मला लेखी कळवलंय तसं.’

‘कुणी?’

‘होता एक नोंदवहीवाला. तुझ्याच क्लीव्हलंडचा. चौऱ्याहत्तर साली मी ती घेतली, एका पेट्रोल पंपामागे पडली होती. मुलं मोठी झाली, हातात जरा वेळ आला, म्हटलं आता हिला उभी करू. म्हणून त्याला सगळं सविस्तर लिहिलं. पत्र्यावर आकडा दोनशे चौदा आहे, पायाखालची फळी पुढून जळलीय, म्हणजे कधीतरी आग लागली असेल, तर हिची काही माहिती मिळेल का? त्यानं पाच ओळींत निकाल लावला. दोनशे चौदा जळून नष्ट झालेली आहे. आपलं वाहन निरनिराळ्या गाड्यांच्या भागांतून जुळवलेलं आहे. जुळवलेलं असावं नाही हं. आहे.’ तो हसला. ‘ओळखत असशील तू त्याला.’

‘ओळखतो.’

‘कसा आहे?’

‘कागदपत्रांत हुशार समजतात त्याला.’

‘मग बरोबरच असेल,’ हार्लन म्हणाला, आणि एमरीला ते शिवीपेक्षा लागलं.

‘गाडी बघू का?’ त्यानं विचारलं.

शेडच्या छपरातून उन्हाचे पट्टे खाली आले होते आणि त्यात ती उभी होती, लांब नाकाची, तोंडाला ताजं भोक पडलेली. एमरीनं आयुष्यात दुसरं लांब नाक प्रत्यक्ष पाहिलं ते हे. दिवे नव्हते, स्टिअरिंगचं चाक नव्हतं, बैठका नव्हत्या. ‘ज्यानं मागितलं त्याला दिलं,’ हार्लन सांगत होता. ‘नकली गाडी, ठेवून काय करायचंय? दिवे एका डॉक्टरनं नेले, चाक पुतण्याला दिलं. जाळी तेवढी नाही दिली कुणाला. तोंड कसं देऊन टाकायचं? रोज डबा घेऊन निघताना दिसायची. मंगळवारी काढली तेव्हा बायको गेली त्याच्यानंतर पहिल्यांदा रडलो, खोटं कशाला सांगू?’ एमरीनं दार उघडलं. दाराच्या आतली पट्टी एका कोपऱ्यात सुटली होती, ती त्यानं ओढून पाठ पाहिली. दोनशे चौदा. खिशातली विजेरी काढून तो गुडघ्यांवर बसला आणि मापकांच्या फळीखाली मान घातली. लाकडावर, काजळीखाली, दोनशे चौदा. मागच्या झाकणाच्या बिजागरीवर दोनशे चौदा. जळलेल्या फळीला कुणीतरी दुसरी फळी जोडली होती, नीट, प्रेमानं. म्हणजे आग लागली होती हे खरं, आणि मेली हे कुणाच्या तरी तोंडचं ऐकून एमरीनं लिहून टाकलं होतं.

‘काय शोधतोयस खाली?’ हार्लननं विचारलं.

‘काही नाही,’ एमरी म्हणाला आणि तसाच बसून राहिला, कारण उठलो तर याच्या तोंडाकडे बघावं लागेल. ते पत्र आलं तेव्हाची संध्याकाळ त्याला आता लख्ख दिसत होती. टेबल, पिवळा दिवा, आत लोरेटाच्या शिवणयंत्राचा आवाज. आलेल्या प्रत्येक पत्राला त्यानं उत्तर दिलं होतं आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारला होता, पाठ बघितलीत का? साऱ्या जगाला विचारला. या एका माणसाला नाही. का नाही? त्याच्या महिनाभर आधी क्लबच्या पत्रिकेत त्याचा लेख आला होता, लांब नाकाची जगातली एकमेव उरलेली टॅलवूड, आणि खाली त्याचा नि दोनशे तेराचा फोटो. लोक पत्रं पाठवत होते. पाणीखात्यातला साहेबसुद्धा हात मिळवून गेला होता, ज्यानं सात वर्षांत त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. मग त्या लेखासाठी आपण हे केलं का? तो आत आत बघत गेला, दुसऱ्याच कुणाच्या गॅरेजमध्ये विजेरी घेऊन शिरल्यासारखा, आणि खरंच त्याला उत्सुकता वाटत होती, भीतीपेक्षाही. पण तिथं काही सापडेना. उत्तर लिहिताना आपण दमलो होतो का? पत्र अर्धवट वाचलं का? की पेन उचलताना क्षणभर, फक्त क्षणभर, तो प्रश्न ओठांवर आला होता आणि आपण तो गिळला? गिळल्याची आठवण नव्हती. न गिळल्याचीही नव्हती. एकदा पाणीखात्यात त्याच्या नकाशातल्या चुकीमुळे भलताच रस्ता खणला गेला होता; ती चूक त्यानं त्याच दुपारी जाऊन कबूल केली होती आणि घरी येऊन पोटभर जेवला होता. आज तसं सोपं का वाटत नाही? आता जाळी घेऊन निघून जायला काय हरकत होती? हा माणूस आपण होऊन देतोय. सोमवारी भंगारवाला येईल, साखळी लावून गाडी ओढून नेईल, आणि नोंदवहीतली ओळ खरी होईल. पंचवीस वर्षं उशिरा, पण अक्षरशः खरी, कुणाला खोडता येणार नाही अशी. त्या विचारानं त्याला घाम फुटला, कारण त्यात सुख होतं.

‘मिस्टर टीटर,’ तो उठला. गुडघे कडकड वाजले. ‘माझं आडनाव फझेकस.’

‘बरं. मग?’ हार्लन म्हणाला.

‘ते पत्र मी लिहिलं होतं. ही गाडी खरी आहे. हिच्या प्रत्येक भागाच्या पाठीवर दोनशे चौदा आहे, मी आत्ता पाहिलं. जाळीच्यासुद्धा. चहूकडून खरी आहे ही. हे मी तेव्हाच तुम्हाला बघायला सांगायला हवं होतं.’

बाहेर नदीवरून एक मालाची बोट भोंगा वाजवत गेली. हार्लन जवळ आला, दाराची सुटलेली पट्टी स्वतः ओढून त्यानं पाहिली, खिशातून चष्मा काढून परत पाहिली, आणि आकड्यावर अंगठा फिरवला. ‘तीन तासांचा रस्ता आहे,’ तो हळूच म्हणाला. मग एकदम मोठ्यांदा, ‘तीन तासांचा रस्ता होता, हरामखोरा! आज जाळी म्हटल्यावर कसा धावत आलास? तेव्हा एक शनिवार नव्हता तुला?’

‘होता.’

‘मी हिच्यावर ताडपत्री टाकली, तोंड तेवढं उघडं ठेवून. माझी मुलं मला हसायची, बाबांची नकली गाडी. बायको म्हणायची, हार्लन, तू उगाच मानतोस त्याचं, गाडी तुझ्यासमोर उभी आहे. मी म्हणायचो, तो नोंदवहीवाला आहे, त्याला कळतं.’ त्याचा आवाज फाटला. ‘चूक होती की लबाडी? खरं सांग.’

‘मला माहीत नाही,’ एमरी म्हणाला. ‘खाली बसून तेच शोधत होतो. खरंच माहीत नाही.’

‘हे बरंय!’ हार्लन ओरडला. ‘सगळ्या जगाची नोंद आहे याच्याकडे, याची तेवढी नाही!’ तो शेडच्या दारापर्यंत गेला, तिथं पाठमोरा उभा राहिला, नाक पुसलं, आणि तसाच म्हणाला, ‘मी तुला माफबीफ करणार नाही.’

‘नका करू.’

‘भंगारवाल्याला तू फोन कर. माझ्या तोंडून शिवी जाईल. आणि तो दिवे नेणारा डॉक्टर तुमच्याच क्लबातला आहे. त्याच्याकडून ते परत आणणं तुझं काम.’

‘आणतो. पुतण्याकडेही जातो.’

‘पुतण्याला मी बघतो. जा, जाळी घेऊन ये.’

एमरी स्वयंपाकघरात गेला. दोन्ही हातांवर जाळी आडवी घेऊन अंगण ओलांडताना ती त्याला फोटोतल्यापेक्षा पुष्कळ जड लागली. शेडमध्ये हार्लन गाडीच्या नाकासमोर बसला होता, दातांत दोन स्क्रू धरून, हातात पेचकस. ‘धर,’ तो म्हणाला. एमरीनं गुडघे टेकले आणि जाळी त्या भोकात सरकवली. कुठं ओढावं लागलं नाही, कुठं दाबावं लागलं नाही. ती आपली जागा ओळखून आत गेली आणि बारीक टक्‌ असा आवाज झाला. लांब नाकाला तोंड असलं म्हणजे ते कसं दिसतं, हे तो सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बघत होता, वीतभर अंतरावरून. गाडी जराशी रागीट दिसत होती. हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्याला वाटायचं, ती हसरी असेल. हात भरून आले होते, पण नजर मापं घेत सुटली होती, पट्टीची जाडी, दोन पट्ट्यांमधली फट, काठाचा बाक. एवढं सगळं होऊनसुद्धा! त्याची त्यालाच लाज वाटली, आणि तरी तोंडातून गेलंच, ‘मिस्टर टीटर, जाताना मी हिचं माप घेऊ का?’

हार्लननं एक स्क्रू पिळून घट्ट केला. दुसरा दातांतून काढला, पुसला, भोकाला लावला.

‘आज नाही,’ तो म्हणाला. ‘पुन्हा कधी आलास तर बघू. सव्वीस वर्षं थांबलास ना? नीट धर, हलतीय ती.’